राखणीला कोण होतं?

सकाळपासून घरभर चिकाचा वास भरला आहे. तीन दिवस पाण्यात राहिलेल्या गव्हाचा हा वास, थोडा आंबूस, थोडा दुधाळ, आणि त्यात हिंग. उन्हाळा चढला की भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत तो या घरातून त्या घरात फिरायला लागतो. कुणाचा गहू आज निथळला आणि कुणाचा जरा जास्तच आंबला, हे नुसतं चालता चालता कळतं. आज आमची पाळी आहे. मला गच्चीवर बसवण्यात आलं आहे, कारण खाली माझा काही उपयोग नाही, असं घरातल्या बायकांचं एकमत आहे.

गच्चीवर जुन्या सुती साड्या अंथरल्या आहेत आणि त्यांवर कुरडयांच्या रांगा. अजून ओल्या, पांढऱ्याशुभ्र. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला छत्री बांधली आहे, तिच्या सावलीत मी, एक काठी, पाण्याचा तांब्या आणि मोबाइल. ऊन अजून कोवळं म्हणायच्या लायकीचं आहे. दहानंतर ते सोलापूरचं होईल. आमच्या उन्हाबद्दल बाहेरगावचे लोक फार बोलतात. आम्हीही बोलतो, पण ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं. दुसऱ्यानं बोललेलं आम्हाला खपत नाही.

गच्चीवर आणखी एक गोष्ट मिळते, ती खाली मिळत नाही. रेंज! खालच्या खोलीत मोबाइल धरून मी खिडकीपाशी उभा राहतो, स्टुलावर चढतो, एकदा तर देवघराशेजारी तासभर बसलो आणि बायकोला वाटलं माझ्यात काही बदल झाला. वर आलं की मात्र रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या राहतात. म्हणून माझा ब्लॉग जन्मला तोही याच गच्चीवर, असाच एकदा राखणीला बसलो असताना.

मी उभं आयुष्य चादरीच्या कारखान्यात डिझाइन मांडत होतो. आलेखाच्या कागदावर बारीक चौकटी भरायच्या, मोर हवा असेल तर मोर, कमळ हवं असेल तर कमळ. पुढं ते काम कॉम्प्युटर करायला लागला आणि मी घरी बसलो. कोऱ्या आलेखाच्या कागदांचा एक गठ्ठा माझ्याबरोबर घरी आला. अजूनही ब्लॉगचा लेख मी आधी त्याच कागदावर लिहितो, एका चौकटीत एक अक्षर, आणि मग एका बोटानं मोबाइलवर उतरवतो. ब्लॉगचं नाव ‘रिकाम्या चौकटी’. वाचक दहा-बारा, त्यातले निम्मे नात्यातले.

या उद्योगात माझा जेवढा अपमान यंत्रांनी केला, तेवढा कारखान्यातल्या मुकादमानंही केला नव्हता. मी एक शब्द लिहायला घ्यावा आणि मोबाइलनं दुसराच पुढं करावा, तोही असा, की आपल्याला काय म्हणायचं आहे ते त्यालाच ठाऊक. मध्येच विचारतो, तुम्ही माणूसच आहात ना? मग नऊ चित्रं दाखवून म्हणतो, यातले रस्ता ओलांडायचे पट्टे ओळखा. आमच्या पेठेत रस्ता ओलांडायचा पट्टा कुणी पाहिला आहे? आम्ही हात दाखवतो आणि चालायला लागतो. तीन वेळा नापास झालो की मलाही माझी शंका यायला लागते.

पण हे सगळं मी हसत सहन केलं. ज्या उन्हाळ्यात मला हसू येईना, तो दोन वर्षांपूर्वीचा.

त्याच्याही आदल्या वर्षी मी ब्लॉगवर कुरडयांचा एक लेख लिहिला होता. आमच्या लहानपणीचा. तेव्हा इथं स्लॅब नव्हता, मातीचं माळवद होतं, आणि बाहेरून वर जायला दगडी पायऱ्या. अव्वा, म्हणजे आमची आई, चुलीवर चीक घाटायची. मी आठ वर्षांचा, अक्का बारा वर्षांची. त्या दिवशी अक्का राखणीला होती, तिला झोप लागली, शेजारच्या दोन शेळ्या पायऱ्या चढून वर आल्या आणि दोन साड्यांवरच्या कुरडया फस्त करून गेल्या. अव्वानं रागानं अक्काची सुट्टी रद्द केली. ती माढ्याच्या मावशीकडं जाणार होती, त्यासाठी निळं पोलकं शिवलं होतं, ते पेटीतच राहिलं. लेख लोकांना आवडला. एकानं लिहिलं की डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. मी दोन दिवस अंगावर मूठभर मांस चढवून फिरत होतो.

तेव्हापासून अक्का गप्प झाली. ती अक्कलकोटला असते. मला ती अजून ‘तम्मा’ म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. कानडीतला शब्द, आमच्या घरात मराठीत मिसळून गेलेला. दर रविवारी येणारा तिचा फोन बंद झाला. मी केला तर दोन वाक्यांत आटपायची. भाऊबीजेला आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा माझी भाऊबीज पाटावर न बसता गेली आणि ते मला फार लागलं. घरातली गोष्ट चारचौघांत मांडली म्हणून ती रागावली असेल, असं मी धरून चाललो. आज नाही तर उद्या विसरेल.

मग पुढच्या उन्हाळ्यात, राखणीला बसलो असताना, मी मोबाइल गच्चीच्या कठड्यावर ठेवून जेवायला खाली गेलो. ऊन काय करू शकतं हे माहीत असलेल्या माणसानं करू नये ती चूक. वर येऊन बघतो तर बॅटरी भाकरीसारखी टम्म फुगलेली. नवा मोबाइल घेतला. त्यावर ब्लॉग उघडायला गेलो, तर तो म्हणाला, तुम्हीच आहात कशावरून? तुमच्या नंबरवर कोड पाठवतो, तो सांगा. नंबराचे शेवटचे दोन आकडे तेवढे उघडे दाखवले होते. ते बघून माझ्या लक्षात आलं की हा माझा जुना नंबर. तो मी कधीच सोडून दिला होता. ब्लॉगला मात्र कळवलं नव्हतं.

घराच्या खिडकीतून आतलं सगळं दिसावं आणि दाराची किल्ली भलत्याच्या खिशात असावी, तसं झालं. कुणाच्याही मोबाइलवर माझे लेख वाचता येत होते. मला फक्त आत जाता येत नव्हतं. राहू दे म्हणालो, नाहीतरी कोण वाट बघतंय.

आठवड्याभरात पुण्याहून भाचीचा फोन आला. शिल्पा, अक्काची मुलगी.

“मामा, रागवू नका, पण आईची कॉमेंट तुम्ही का टाकली नाही?”

“कसली कॉमेंट?”

“कुरडयांच्या लेखाखाली तिनं लिहिलं होतं की. लेख आला त्याच आठवड्यात. एका बोटानं, दोन दिवस बसून. ती अजून रोज उघडून बघते, आलीय का म्हणून.”

मग मला आठवलं. माझ्या प्रत्येक लेखाखाली कुणी परदेशी माणूस टकलावरच्या औषधाची जाहिरात करून जायचा. त्याला कंटाळून मी कधीतरी एक बटण दाबलं होतं, की माझी परवानगी असल्याशिवाय खाली कुणाचं काही दिसू नये. दाबलं आणि विसरलो. त्याची सूचना येत असेल तर ती कुठल्या तरी मेलमध्ये, जी मी कधी उघडलीच नव्हती, आणि आता ती मेलही त्याच कुलपाआड. म्हणजे वर्षभर अक्काचे शब्द माझ्या दारात उभे होते, आणि तिला वाटत होतं मी ते वाचून दाबून ठेवले.

तिला लगेच फोन केला.

“अक्का, मला आतच जाता येत नाहीये.”

“कुठं आत?”

“ब्लॉगच्या.”

“तुझाच आहे की.”

“माझाच आहे. पण मी मीच आहे हे दाखव म्हणतोय.”

“मग दाखव की. वर्षभर नाही जमलं?”

“तू काय लिहिलं होतंस ते तरी सांग.”

“एकदा लिहिलंय. परत सांगणार नाही. छापायचं नसेल तर नको छापू.” आणि फोन बंद.

आता उपाय एकच होता. माझाच जुना नंबर मी फिरवला. आपलाच नंबर आपण लावताना कसंतरी होतं, पलीकडून आपणच उचलू की काय असं वाटतं. पण पलीकडून आधी घुंगरांचा आवाज आला. छुम छुम छुम, एका लयीत. मग एका बाईचा आवाज, घुंगरांच्या वरचढ.

“हालो, कोन?”

“नमस्कार. मी सोलापूरहून बोलतोय. तुमचा हा नंबर आधी माझा होता.”

“बरं मग? परत पायजे का काय?”

“नाही, नाही. तुमच्या मोबाइलवर एक सहा आकड्यांचा कोड येईल, तेवढा मला...”

“ओटीपी?”

“हो, हो!”

“ठिवा फोन.”

दुसऱ्या दिवशी बायकोला बोलायला लावलं. सुमनचा आवाज गोड आहे, बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकेल असं वाटलं. पलीकडून उत्तर आलं, “आता बायकूला फुडं केलं व्हय? लई हुशार हायसा तुमी.” तिसऱ्या दिवशी मी सरळ सगळी हकिगत सांगितली, अक्का, कुरडया, भाऊबीज, सगळं. मागची घुंगरं थांबली. तिनं यंत्र बंद केलं असावं.

“ह्ये बगा,” ती म्हणाली, “ओटीपी कुनालाच सांगायचा न्हाय म्हंत्यात. खरं आसंल तर हितं या. टेंभुर्णीला चौकाच्या अलीकडं माझी रसवंती हाय. मंगलबाईची म्हनून इचारा. तोंड बगून ठरवीन.”

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिचं बरोबरच होतं. सगळेच ‘कुणाला सांगू नका’ म्हणतात, आणि तेवढं पाळणारं माणूस नेमकं माझ्याच वाट्याला यावं, एवढीच माझी तक्रार.

एसटीनं दोन तास. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा, आणि दोन्ही बाजूंना मध्येच हिरवा ऊस. टेंभुर्णीला उतरलो आणि विचारावं लागलंच नाही, घुंगरं ऐकू आली. हिरव्या जाळीचा मांडव, उसाच्या मोळ्या, बर्फाची पेटी, आलं-लिंबाचा वास. मंगलबाई पन्नाशीच्या, कपाळाला घाम, पदर कमरेला खोचलेला. मोबाइल लिंबांच्या टोपलीत. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “आदी रस प्या. मग वाचून दावा तुमी काय लिवता ते. तुमचं आसंल तर वाचताना कळंल.”

मी बाकावर बसून त्यांना तो कुरडयांचा लेख वाचून दाखवला. आयुष्यात मी कुणापुढं माझं लेखन मोठ्यानं वाचलं नव्हतं. मंगलबाईंनी त्यासाठी यंत्र बंद ठेवलं. दोन ट्रकवाले रस घ्यायला आले, त्यांनाही थांबवलं. तापलेल्या माळवदाचा वास, चिमणीची पाण्याच्या वाटीवरची चोच, समोरच्या गिरणीच्या धुराड्यावरून सरकणारी घार, साडीच्या काठावर तुटून पडलेली कुरडई, असं सगळं मी वाचलं आणि शेवटी थोडा थांबून, दाद येईल म्हणून वर बघितलं.

मंगलबाई पुढं झुकून बसल्या होत्या. “झ्याक हाय. पर येक इचारू का? भन राखनीला हुती. मग ही घार, ही चिमनी, ह्ये समदं तुमाला कसं दिसलं? तुमी कुटं हुता तवा?”

मी लेख पुन्हा वर सरकवून बघितला. ट्रकवाला म्हणाला, “बराबर हाय की.” लेख माझा, आठवण माझी, आणि त्यात मी कुठं होतो हे मलाच ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक असायला लागलं होतं, हळूहळू, आणि ते मला आवडत नव्हतं.

तेवढ्यात मंगलबाईंनी लिंबांतून मोबाइल उचलला. “मागवा तुमचा ओटीपी. पटलं मला. खोटं लिवनारा आपली चूक आशी उगडी ठिवत न्हाय.”

पहिला कोड आला तेव्हा माझी बोटं रसानं चिकट झाली होती, पडदा दाद देईना, आणि वेळ संपला. दुसऱ्यात मी चार आणि सात उलटे टाकले. तिसऱ्या वेळी मंगलबाईंनी माझी बोटं ओल्या फडक्यानं पुसली, आणि एकेक आकडा असा म्हटला, की ट्रकवालेही पुटपुटायला लागले. दार उघडलं. आत टकलावरच्या औषधांच्या ढिगाऱ्यात, वर्षभर उभी असलेली, अक्काची कॉमेंट.

“मोट्यानं वाचा,” मंगलबाई म्हणाल्या. मी वाचली.

‘तम्मा, छान लिहिलंस. एकच चूक आहे. त्या दिवशी राखणीला मी नव्हते. मी खाली अव्वाजवळ सोऱ्या दाबत होते. वर तू होतास. दोन वाट्या चीक खाऊन झोपलास. शेळ्यांचा आवाज आला म्हणून मी वर धावले, त्यांना हाकललं, आणि अव्वा वर आली तेव्हा काठी माझ्या हातात होती. तू इतका रडत होतास की मी म्हटलं, असू दे, मीच होते. तेव्हा बोलले नाही. आता तुझ्या डोक्यावर केस राहिले नाहीत, आता सांगायला हरकत नाही. निळं पोलकं मग मला लहान झालं.’

शेवटचं वाक्य मला नीट वाचता आलं नाही. डोळे भरून आले, लाज वाटली, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी हसूही येत होतं, त्या केसांच्या वाक्यावर. डिझाइन मांडताना एक चौकट चुकली की ती चूक साऱ्या चादरीभर उमटत जाते, प्रत्येक मोराची चोच वाकडी. माझी एक चौकट आठव्या वर्षी चुकली होती आणि मी ती उभं आयुष्य विणत आलो होतो. झोपेतून उठल्यावर मला शेळ्या दिसल्या होत्या, आणि काठी घेतलेली अक्का. तेवढंच धरून मी बाकीचं भरून टाकलं. अक्कानं मात्र एक शब्द न बोलता ते सगळं स्वतःवर घेतलं, आणि मी वर तिच्याच नावानं लेख लिहून शाबासकी मिळवली.

परवानगीचं बटण दाबलं. खाली उत्तर लिहिलं, एका बोटानं, ‘अक्का, राखणीला मी होतो.’ मंगलबाईंनी यंत्र सुरू केलं, घुंगरं वाजायला लागली, ट्रकवाल्यांना रस मिळाला. मला दुसरा ग्लास मिळाला, बर्फ जास्त घालून.

दुसरा ग्लास संपायच्या आत फोन वाजला.

“दिसलं,” अक्का म्हणाली. मग, “ही घुंगरं कसली रे?”

“टेंभुर्णीला आहे. रसवंतीत.”

“तिथं काय करतोयस?”

“तुझी कॉमेंट छापायला आलोय.”

अक्का हसली. वर्षभरानं ऐकलं ते हसू, घुंगरांत मिसळलेलं. हसता हसता तिनं विचारलं, “तम्मा, तिथून माढा जवळ आहे ना रे?”

त्याच मे महिन्यात मी अक्काला माढ्याला घेऊन गेलो. मावशी कधीच गेली, पण मावसभाऊ आहे, त्याची सून आहे, अंगणातली चिंच आहे. अक्का निळी साडी नेसून आली होती. मी बघितलं आणि तिची पिशवी माझ्या हातात घेतली. चार दिवस ती तिथं बारा वर्षांच्या मुलीसारखी हिंडली, गुडघे दुखत असतानाही. परतीला रसवंतीवर थांबलो. अक्का आणि मंगलबाई पहिल्यांदा भेटल्या, आणि दोन तास मला कुणी विचारलं नाही.

ब्लॉगवरचा नंबर बदलायचा राहिलाय. शिल्पा सारखी आठवण करते, मामा, हे धोक्याचं आहे. मला कळतं. पण मोबाइलला माझी शंका आली की कोड टेंभुर्णीला जातो, घुंगरं वाजतात, मंगलबाई आधी घरचं सगळं विचारतात, आकडे शेवटी सांगतात. इतक्या चांगल्या कुलपाची किल्ली मला खिशात नको आहे.

ऊन आता सोलापूरचं झालं आहे. कुरडयांची खालची बाजू अजून ओली आहे, वरची कडक व्हायला लागली. मघाशी खालून वाटीभर गरम चीक आला, तेल-मीठ घालून. मी तो पुरता संपवला. छत्रीची सावली पायांवरून सरकली आहे, आलेखाच्या कागदावरची अक्षरं जरा तरंगतायत, आणि पलीकडच्या गच्चीवर खूर घासल्यासारखा आवाज...

फोन वाजला. छुम छुम छुम.

“मंगलबाई? मी तर आज कुठलाच कोड मागवला नाही.”

“कोड न्हाय वो. अक्कांचा फोन आलता सकाळी. तुमच्याकडंच हायती म्हनं, खाली चीक घाटत्यात. म्हनल्या, दर तासाला फोन करून बगा, तम्मा जागा हाय का.”

“जागा आहे,” मी म्हणालो. खालून जिन्यातून अक्काचा आवाज आला, सुमनला विचारत, “काय म्हणतोय गं तो?” आणि मी कठड्यावरून वाकून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, “जागा आहे, अक्का! राखणीला मी आहे!”